जे जे फोडलं ते ते

८ जानेवारी

ताईंना नमस्कार,

तुमची चिठ्ठी मिळाली. गॅरेजात उस्तादांनी सगळ्यांसमोर हातात दिली. आधी वाटलं, कोर्टाचंच काहीतरी आलं. तुम्ही लिहिलंय की फोन करायचा नाही, कारण माझा आवाज ऐकला की तुमच्या धाकट्या बहिणीला कापरं भरतं. जे सांगायचं ते कागदावर लिहून तुमच्या शिवणाच्या दुकानावर पाठवायचं. आणि त्या दिवशी मी घरात जे जे फोडलं ते ते माझ्या कमाईतून परत आणून ठेवल्याशिवाय ही आणि चिमणी तुमच्याकडून हलणार नाहीत. कबूल. तुम्ही मोठ्या, तुमचा शब्द खाली पडू देणार नाही.

पण नवं घ्यायला गेलो तर चिमणी म्हातारी होईल तरी घर भरायचं नाही. डेंटिंगवाल्याचा पगार तो काय असतो. म्हणून मोबाइलवर जुन्या सामानाच्या जाहिराती बघायला लागलोय. लोक काय काय विकतात हो ताई. अर्ध्या शहराची बदली झालेली आहे आणि उरलेल्या अर्ध्याने प्रत्येक वस्तू म्हणे फक्त दोनदा वापरलीये.

पहिलं जेवणाचं टेबल आणलं, चार खुर्च्यांसकट. विकणारा शाळेतला मास्तर. मेसेजवर भाव ठरला, मी टेम्पो घेऊन गेलो, दोघांनी दोन बाजूंनी टेबल उचलून जिन्यापर्यंत आणलं, आणि तिथे हा म्हणतो की दुसरा कोणी जास्त देतोय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी हात उचलला नाही, शपथ. टेबल धरलेलंच होतं, ते फक्त जरा पुढे रेटलं. तो कठड्यावर जाऊन आदळला आणि त्याची बोटं मध्ये सापडली. कडकन आवाज झाला. लाकडाचा की बोटांचा, सांगता येत नाही. टेबल ठरल्या भावात मिळालं, वर त्याच्या बायकोने खुर्च्यांच्या गाद्याही आणून दिल्या.

पूर्वीचा मी असतो तर मास्तरला जिन्यावरून खाली सोडला असता. फरक पडतोय, हे हिला नक्की सांगा.

तुमचा,
जावई


१९ जानेवारी

जावईबापू,

तुमचं पत्र दुकानात वाचलं आणि त्या नादात एका गिऱ्हाइकाच्या झग्याला बाही उलटी बसवली. मालकीणबाईंची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

हात उचलला नाही म्हणता. टेबल रेटून माणसाची बोटं चिरडायची, भेदरलेल्या बाईकडून फुकट गाद्या घ्यायच्या, आणि वर आम्ही कौतुक करायचं? आधी त्या मास्तरांकडे जा. माफी मागा आणि गाद्यांचे पैसे द्या. ते केल्याशिवाय पुढचं काही लिहू नका.

धाकटीला डाव्या कानाने अजून ऐकू येत नाही. कानाचे डॉक्टर म्हणाले, पडदा फाटलाय, ऑपरेशन लागेल. कशाने झालं असं त्यांनी विचारलं तर म्हणाली, दार लागलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी मूग गिळून बसले. तुमची अब्रू मी का झाकली, माझं मलाच कळत नाही. आणि चिमणीला कोणी मोठ्याने हाक मारली की ती आधी कोपऱ्यात जाते, मग ओ देते. साडेपाच वर्षांची पोर.

पत्र मी तिला सगळं वाचून दाखवलं नाही. टेबल आणलं एवढंच सांगितलं. ती म्हणाली, बरं.

ताई


७ फेब्रुवारी

ताईंना नमस्कार,

मास्तरकडे जाऊन आलो. त्याने दाराची साखळी काढली नाही. फटीतून बघत होता, दोन बोटं पट्टीत. मी माफी मागितली, पैसे आणि सफरचंदं दाराशी ठेवली. तो म्हणाला, ठीक आहे, जा. मी जिना उतरेपर्यंत त्याने दार लावून कुलूपही घातलं. माणूस स्वभावानेच घाबरट आहे.

आता कपाटाचं ऐका. आरशाचं कपाट, हिच्या जुन्या कपाटापेक्षा मोठं, आणि भाव इतका कमी की मला वाटलं चोरीचंच असणार. विकणारी एक नर्सबाई. आज दुपारीच न्या म्हणाली, चारच्या आत. मी टेम्पोवाल्याला घेऊन गेलो. बाई घाईघाईने कपडे काढून पिशव्यांत भरत होती. तेवढ्यात तिचा नवरा आला. त्याने मला विचारलंसुद्धा नाही की तू कोण. सरळ तिच्या थोबाडीत दिली आणि केस धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं.

माझं काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. त्याला मानेला धरला आणि कपाटाच्या दारावर घेतला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा नाक फुटलं, रक्त आरशावरून ओघळत खाली आलं. पडला तसा बरगड्यांत लाथा घातल्या, त्याच्या तोंडातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला तोवर. आम्ही पत्र्याचा पोचा आतून ठोकून काढतो. माणसाला बाहेरून ठोकावं लागतं, एवढाच काय तो फरक. बाईवर हात टाकणारा माणूस मला डोळ्यांसमोर सहन होत नाही, ताई. कधीच झाला नाही.

आणि गंमत बघा, त्या नर्सबाईनेच मला तव्याने हाणलं. मी तिच्या बाजूने आणि ती माझ्याच पाठीवर चढलेली, सोडा त्यांना, मरतील ते, म्हणून किंचाळतेय. खांदा अजून वर होत नाही. शेजाऱ्यांनी पोलिस बोलावले, पण नवऱ्याने तक्रारच केली नाही. कुठल्या तोंडाने करणार.

कपाट आणलं. आरसा पुसून घेतला, एकसुद्धा तडा नाही. हिला हे सगळं वाचून दाखवा. मी कोणत्या बाजूचा माणूस आहे ते तिला कळू दे.

तुमचा,
जावई


२० फेब्रुवारी

जावईबापू,

बाईवर हात टाकणारा माणूस तुम्हाला सहन होत नाही. हे वाक्य मी दोनदा वाचलं. तुम्ही लिहून झाल्यावर एकदा तरी वाचलंत का?

या वेळी धाकटीला सगळं वाचून दाखवलं. ती उजवा कान माझ्याकडे करून ऐकत होती. संपल्यावर तिने एकच विचारलं, त्या नर्सबाईचं पुढे काय झालं. चारच्या आत न्या म्हणत होती म्हणजे ती पळून जायला निघाली होती, एवढं तुम्हाला कळलं नाही, पण तिला इथे बसून कळलं. तुम्ही त्याला रक्तबंबाळ केलंत आणि कपाट घेऊन निघून आलात. तो शुद्धीवर आल्यावर त्या घरात कोण होतं? त्या दिवशी धाकटी जेवली नाही.

आता माझंही खरं सांगते, तुमच्याशी खोटं बोलून काय मिळणार. आमच्या दोन खोल्यांत चार माणसं झाली आहेत. आमचे हे पॅसेजमध्ये झोपतात आणि सकाळी पाठ धरून बसतात. बोलत काही नाहीत, पण भांडी जोरात ठेवतात. माझी बहीण मला जड नाही. तरी मलाही माझं घर परत हवंय, हे नाही कशाला म्हणू. तुम्ही खरंच सुधारलात तर माझ्याइतका आनंद कोणाला होणार नाही.

म्हणून दोन गोष्टी करा. आमच्या दुकानाच्या वरच समुपदेशन करणाऱ्या बाई आहेत, त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ तुमच्या भागात पुरुषांना भेटतात. पत्ता सोबत आहे, जा. आणि यापुढे सामान आणायला एकटे जाऊ नका. उस्तादांना बरोबर न्या. त्यांच्यासमोर तुमचा आवाज चढत नाही, हे मला ठाऊक आहे.

ताई


११ एप्रिल

ताईंना नमस्कार,

मध्ये पत्र लिहिलं नाही, कारण ठरवलं होतं की सांगण्यासारखं काही झाल्याशिवाय लिहायचं नाही. आता झालंय.

तुम्ही सांगितलेल्या गृहस्थांकडे जातो. पहिल्या दिवशी डोकंच फिरलं. तो विचारतो, राग आधी शरीरात कुठे जाणवतो. म्हटलं, समोरच्याच्या शरीरात. तो हसला नाही. पण जातोय. आमच्यात एक ट्रकवाला आहे, एक बँकेतला साहेब आहे. साहेबाने बायकोचा हात गॅसवर धरला होता. टाय लावून येतो.

उस्ताद प्रत्येक वेळी बरोबर आले. फ्रिज घेतला, दाराला मोठा पोचा होता म्हणून स्वस्तात मिळाला. गॅरेजात नेऊन एका संध्याकाळी पोचा काढला, रंग मारला, आता उस्तादांनाही जागा दाखवता येत नाही. पलंग एका म्हातारीकडून घेतला, तिने तो देताना त्यावरून हात फिरवला, तर उस्तादांनी तिला हवे तेवढे पैसे देऊन टाकले आणि माझ्या पगारातून कापले. मी एक शब्द बोललो नाही. पडद्यांचं कापड, भांडी, भिंतीवरचं घड्याळ, सगळं झालं.

चिमणीसाठी अभ्यासाचं छोटं टेबल आणलंय. हे फोडलेल्यातलं नाही, आधी तिच्याकडे नव्हतंच. आधीच्या पोराने त्यावर कर्कटकाने काय काय कोरून ठेवलं होतं. सगळं घासून काढलं, पिवळा रंग दिला, तीन हात. कोपऱ्यांना पॉलिश पेपर मारून ते गोल केले, तिला लागू नये म्हणून. गॅरेजातले मला हसत होते. ताई, घासता घासता मला रडू आलं. कोणाला दिसू नये म्हणून तोंडाला मास्क लावला.

खालच्या मजल्यावरच्याशी पार्किंगवरून थोडं झालं, पण ते वेगळं.

घर पूर्ण झालंय. एकदा येऊन बघा. मी पाया पडतो.

तुमचा,
जावई


२० एप्रिल

जावईबापू,

तुमचं पत्र मी घरी मोठ्याने वाचलं. आमच्या ह्यांनीसुद्धा पेपर बाजूला ठेवून ऐकलं. टेबलाचे कोपरे गोल केलेत, तिथे मला पुढचं वाचवेना. म्हटलं, माणूस बदलू शकतो. नाहीतर जगायचं तरी कशाच्या जोरावर.

धाकटी तयार नव्हती. मी तिला तयार केलं. दोन दिवस तिच्या मागे लागले, थोडं बोललेही. म्हटलं, नुसतं बघायला काय जातंय. शेवटी ती म्हणाली, तू म्हणतेस म्हणून येते.

येत्या रविवारी आम्ही तिघी येऊ. पण अट आहे. तुम्ही घरात असायचं नाही, इमारतीत असायचं नाही. किल्ली घरमालकीणबाईंकडे ठेवा. तिला एकटीला शांतपणे घर बघू दे. एवढं पाळलंत तर पुढचं बोलणं मी स्वतः करीन.

ताई


२९ एप्रिल

ताईंना नमस्कार,

आधी हात कसा आहे ते कळवा. घरमालकीणबाई म्हणाल्या, दोन ठिकाणी मोडलाय. त्या तिखटमीठ लावून सांगतात म्हणून तुम्हालाच विचारतोय.

झालं त्यात माझी चूक एवढीच की मी इमारतीत थांबलो. लांब जायला निघालो होतो, पण पाय निघेना. फक्त तुमचे आवाज ऐकायचे होते. वरच्या जिन्यावर बसलो होतो. चिमणी हसली ते ऐकू आलं. मग धाडकन काहीतरी पडलं आणि ती रडायला लागली. बापाने जिन्यावर बसून राहायचं का अशा वेळी?

आत आलो. पिवळ्या टेबलाचा खण तिने ओढून काढला होता, तो पायावर पडला होता. मला बघताच ती रडायची थांबली. एकदम गप्प. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, बापाला विसरली नाही. तिला घ्यायला हात पुढे केला तर हिने तिला ओढलं आणि पलंगाच्या मागे ढकललं. आणि तिथे उभी राहिली, माझ्याकडे बघत. मी काही केलेलं नव्हतं, ताई. तुम्ही साक्षीला होतात. चार महिने राबून उभं केलेलं घर, मी आणलेला पलंग, आणि त्याच्याच मागे माझ्या मुलीला माझ्यापासून लपवायचं. तुमच्यावर अशी वेळ आली असती तर?

खुर्ची मी जमिनीवर आपटायला उचलली होती. तुम्ही मध्ये आलात. तुम्ही हात वर केलात. तो पहिला फटका तसा लागला. दुसऱ्याचं मला आठवत नाही. हिने म्हणे मला फ्रिजवर ढकललं आणि मी हिचा गळा धरला, असं घरमालकीणबाई सांगतात. मानेवर वळ उठले असतील तर हळद लावायला सांगा. उस्तादांना कळलं, त्यांनी मला कामावरून काढलं. म्हणजे शिक्षा मलाही झालीच आहे.

खुर्चीचे दोन पाय निखळले होते, पाठ मोडली होती. मी ती परत जोडून घेतली. आता बघितली तर ओळखू येणार नाही. फ्रिजच्या दाराला पुन्हा पोचा आलाय, तोही काढतो. सगळं पहिल्यासारखं होईल. तुम्ही फक्त हिची समजूत घाला.

तुमचा,
जावई


९ मे

काय लिहून सुरुवात करावी कळत नाही, म्हणून तशीच करते. ताईचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आहे, तिला सुई धरता येत नाही आणि पेनही नाही. ती सांगत होती आणि मी लिहायला बसले होते. पण ती प्रत्येक वाक्याला, माझीच चूक, मीच तुला नेलं, असं म्हणून रडत होती. शेवटी मी तिला म्हटलं, तू पड जरा, हे माझं आहे, मी लिहिते.

त्या दिवशी मी घर बघितलं. तुम्हाला वाटत असेल की नीट बघायला मिळालं नाही, पण तुम्ही येईपर्यंत मी सगळं बघून घेतलं होतं. खुर्ची एका हाताने उचलता येते. आरशाची काच जाड आहे, फुटली तर तुकडे मोठे पडतील. फ्रिजचं दार उघडं असलं की मागे सरकायला जागा राहत नाही. घड्याळ उंच लावलंय, ते एकदम हाताला लागणार नाही. पलंग आणि भिंत यांच्यामध्ये अंतर आहे, चिमणी तिथे मावते. ताई मला म्हणत होती, बघ किती छान लावलंय. मी हो म्हटलं. खरंच छान लावलं होतं. आणि प्रत्येक वस्तूसमोर उभी राहून मी फक्त एवढंच बघत होते की ही आमच्यावर कशी येईल.

तुम्ही मेहनत केलीत, ते मला दिसलं. टेबलाचा रंग चिमणीला आवडला होता. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, खरं आहे म्हणून लिहितेय. पण ती रडायची थांबली ते तुम्हाला बघून आनंद झाला म्हणून नाही. तुम्ही समोर असताना रडायचं नसतं, हे ती बोलायच्या आधी शिकली आहे. मीच शिकवलंय तिला, तोंडावर हात ठेवून.

खुर्ची जोडलीत म्हणता, ओळखू येणार नाही म्हणता. मला येईल. ताईलाही येईल. तिचं दुकानातलं काम गेलं. डॉक्टर म्हणतात, बोटं पूर्वीसारखी वळतील याची खात्री नाही.

पोलिसांत तक्रार दिली आहे. ताईच्या हाताची, माझ्या गळ्याची आणि कानाचीसुद्धा. कशाने झालं ते या वेळी खरं सांगितलं. तुमची सगळी पत्रं त्यांना दिली. नर्सबाईंच्या घरचं जिथे लिहिलंय ते पान तिथल्या बाईंनी दोनदा वाचलं आणि कोणालातरी तिकडे पाठवते म्हणाल्या. याला उत्तर पाठवू नका. पाठवलंत तर तेही त्यांच्याकडेच जाईल.

मी खोली घेतली आहे. कुठे ते लिहीत नाही. एक चटई, एक बादली, आणि आमचे कपडे, एवढंच सामान आहे. ताईने मोबाइलवर पलंगाची जाहिरात दाखवली, स्वस्तात मिळतोय म्हणाली, थोडे पैसे ती देते म्हणाली. मी म्हटलं, घेऊ सगळं, पण एवढ्यात नको.

पहिल्या दिवशी चिमणी दारातच थांबली. चारी भिंती बघितल्या, माझ्या मागे बघितलं, दाराच्या मागे बघितलं. मी विचारलं, काय शोधतेस.

ती म्हणाली, "आई, इथे लपायचं कुठे?"

मी म्हटलं, "इथे लपावं लागत नाही."

तिचा विश्वास बसला नाही. मी चटई खोलीच्या मधोमध टाकली आणि तिला शेजारी घेऊन आडवी झाले. ती बराच वेळ दाराकडे बघत होती. मग झोपली.